एकाच गाण्याच्या एवढ्या कॉपी

“एकाच गाण्याच्या एवढ्या कॉपी कशाला? एकेक ठेव, बाकी खलास. गाडीत टाक, यल्ला, चल!” अ‍ॅडमिनचे सर रास अल खोरहून आलेल्या रद्दीच्या ड्रायव्हरला सांगत होते. दोघंही मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे इथे आखातातही बोलणं मराठीत.

ऊद मेथातल्या आमच्या संगीत ग्रंथालयाचे जर्मन ग्रंथपाल तिथेच बसले होते. त्यांना यातलं काहीच कळलं नाही. हात धुतल्याशिवाय ते स्वरलिपीच्या कागदाला शिवत नाहीत. प्रत्येक वादकाचा भाग हळू गुणगुणून तपासतात. वादकाने जिथे थांबायचं, तिथे तेही थांबतात आणि नुसती मान हलवत मात्रा मोजतात. तेव्हा काही विचारलं, तर फक्त बोट वर होतं. मी त्यांची असिस्टंट, तरी मला ‘मॅडम’ म्हणतात. मला ते अवघड वाटतं.

ड्रायव्हरने स्वरलिपीच्या कागदांचं खोकं उचललं. बाइंडिंगची खोकीही अशीच जातात, म्हणून ग्रंथपालांना हेही तसंच वाटलं; ते लगबगीने उठले, त्याच्यासाठी दार उघडून धरलं आणि हसून अरबीत आभार मानले, “शुक्रन.”

माझं प्रोबेशन अजून संपलेलं नाही आणि मला कायम करणं सरांच्याच हातात आहे. ड्रायव्हर दारापाशी पोचला.

“सर, त्या कॉपी नाहीत,” मी म्हणाले. “प्रत्येक वाजवणाऱ्याचा कागद वेगळा असतो. एकच ठेवलात तर बाकीचे काय वाजवणार? दादा, खोकं खाली ठेवा.”