नानांची आतली चारी

नामदेवनाना माझ्या मेडिकलच्या पायरीशी आले की आधी दुकानासमोरच्या गटारात काठी घालतात. पाचोळा हलून पाणी वाहतं झालं की मगच चिठ्ठी पुढे करतात. तीस वर्षं ते डिंभ्याच्या कालव्यावर पाटकरी होते. शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडायचं, बांधाबांधानं जाणाऱ्या चाऱ्यांतला गाळ काढायचा. "पानी थांबलं की खोड्या करतं, भाऊ," हे त्यांचं ठरलेलं बोलणं.

नानांचे ठोके बिघडले तेव्हा डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अंगठ्याएवढी पिशवी असते. कप्पा नुसताच थरथरू लागला की तिच्यात रक्त साचून गुठळी होते, आणि ती मेंदूत गेली तर लकवा. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज. नाना कागद घेऊन थेट माझ्याकडे आले. "लोकांच्या चाऱ्या उपसण्यात जिंदगी गेली, आन् माझ्याच आत एक बिनकामाची चारी निघाली, राव." आठवड्याभरात ती पिशवी माहीत नाही असं माणूस गावात उरलं नाही.

उन्हाळ्यात नाना गोळ्या न्यायला आलेच नाहीत. दुसरं मेडिकल धरलं असेल, असं समजून मी रुसून बसलो. त्याची मला अजून लाज वाटते. एका सकाळी नानांच्या घरून काकूंचा फोन आला. "ह्यांच्या हातातनं कप पडला. तोंड वाकडं झालंय." मी तसाच गाडी घेऊन पळालो.

वेळेत दवाखान्यात पोचलो, म्हणून नाना वाचले. उजवा हात तेवढा जड राहिला. डॉक्टरांनी विचारलं, गोळी का सोडली? नानांनाच त्या प्रश्नाचं नवल वाटलं.

"पान्याचं आवर्तन संपलं व्हतं ना. कालवा बंद, तवा गोळीबी बंद. बारमाही पानी कुनी सोडतं का?"

डॉक्टर शहरातले, ते माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "नाना, कालवा बंद असतो तेव्हाच चारीत पाणी साचून शेवाळ धरतं ना?"

नाना म्हणाले, "हे मला तू सांगतो व्हय?" मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "त्या पिशवीचं तोंडच बुजवा की."

"तेही करता येतं," डॉक्टर म्हणाले, "पण ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी. तुम्हाला सोसते." तिथंच मी माझ्या रुसण्याचंही सांगून टाकलं. नाना वाकड्या तोंडानं हसले.

आता ते रोज सकाळी डाव्या हातानं गटार साफ करतात, माझ्यासमोर गोळी गिळतात आणि "बारमाही" म्हणून हजेरी देतात.

गेल्या महिन्यात तापामुळे मी दोन दिवस दुकान उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दारावर काठी वाजली. माझं घर चढावर आहे, नाना धापा टाकत होते. त्यांनी पाणी मागितलं, खिशातली गोळी काढून गिळली आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"मेडिकल बंद दिसलं," ते म्हणाले. "मी काय तुझ्यावानी रुसून बसलो न्हाई."