बिनदातांच्या शिंपल्या घेऊन वाशीला

काडेपेटीत कापूस, कापसात साडेपाच शिंपल्या, काडेपेटी शर्टाच्या खिशात आणि खिशावर घट्ट धरलेला हात, अशा थाटात मी दादरला वाशीच्या बसमध्ये चढलो. कंडक्टरला वाटले माझ्या छातीत कळ येतेय. त्याने मला बसायला जागा करून दिली.

शिंपल्या तिळाएवढ्या होत्या. एका जहाजाने खोल समुद्राच्या तळाचा चिखल उपसला होता, त्यातल्या. अशा शिंपलीची जात तिच्या बिजागरीवरून (दोन शिंपा जोडणाऱ्या सांध्यावरून) ओळखतात. तिथे फणीसारखे दात असतात, ते मोजायचे. आमच्या शिंपल्यांना एकही दात नव्हता. आमच्या सरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, ही नवीच जात असल्याचे जाहीर केले आणि तिला स्वतःचे नाव देऊन टाकले. माझा दोन वर्षांचा प्रबंध त्याच बोडक्या बिजागरीवर उभा होता आणि सोमवारी तो सादर करायचा होता. आता हवी होती फक्त शिंपल्यांच्या जाणकार, संग्रहालयातून निवृत्त होऊन वाशीत राहायला गेलेल्या सरंजामेबाईंची सही.

"जाऊन ये. सहीपुरतंच काम आहे," सर म्हणाले होते. "आणि तिथे फार बोलू नकोस."

खाडीपूल ओलांडला आणि नवे शहर दिसू लागले. रस्ते झाले होते, दिव्यांचे खांब झाले होते, माणसे तेवढी यायची होती. ते बघण्याच्या नादात वाशी मागे पडली आणि मी सानपाड्याला उतरलो.

गावातल्या पहिल्याच घराच्या ओट्यावर एक मावशी विळीवर तिसऱ्या (खाडीतल्या शिंपल्या) फोडत बसल्या होत्या.

"कोनाकडं आलास रे?"

"वाशीला जायचंय."

"वाशी मागं रायली. आदी पानी पी."

पाणी पिऊन मला चढली. मी काडेपेटी उघडली, भिंग दिले आणि म्हणालो, "मावशी, या खोल समुद्रातल्या शिंपल्या आहेत. अशा तुम्ही कधी बघितल्या नसतील."

त्यांनी हात पुसले आणि बराच वेळ निरखून पाहिले. "ह्या आंबटान ठेवल्या व्हत्या काय?"

"नाही हो. औषधात."

"मंग तुजं अवशद आंबट हाय. चिंचेच्या पान्यान शिंप्या रायल्या का अशाच खडूवानी होतान. आदी चकाकी जाते, मंग धार."

मी हसलो. मोठ्या मनाने मी त्यांच्या अज्ञानाला क्षमाही केली. तरी वाशीपर्यंतची पायपीट मला फार लांब वाटली.

वाशीत सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या. दोनदा चुकीचे तीन मजले चढलो. दुसऱ्या दारात बनियन घातलेले एक गृहस्थ म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, सगळेच चुकतात. परवा मीच शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन चहा मागितला. बाईंचा जिना ना? पहिली पायरी फुटलेली असेल तो."

बाईंनी पाच शिंपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि एकच विचारले, "फॉर्मालिनमध्ये टाकणखार घातला होतास?"

टाकणखार म्हणजे सोनार डाग देताना वापरतात ती पूड; ती फॉर्मालिनचा आंबटपणा मारते. मी तीनदा मागणी लिहिली होती आणि सरांनी तीनदा खोडली होती. "शिंपल्या काय सोनाराकडे न्यायच्यात?" असे म्हणाले होते. मग मी तशाच बाटलीत टाकल्या.

"यांना दात होते," बाई म्हणाल्या. "तुझ्या बाटलीत विरघळले. एखादी कोरडी राहिलीय का?"

उरलेली अर्धी शिंपली चिखलाच्या पिशवीच्या शिवणीत सापडली होती. मोडकी म्हणून ती कधी बाटलीत गेलीच नव्हती, आणि काचेखालीही नाही. बाईंनी ती काचेखाली ठेवली आणि मला बघायला सांगितले. दात होते. ओळीने, स्वच्छ, मोजता येतील असे.

"जुनीच जात आहे रे," बाई हळूच म्हणाल्या. मला रडू आले. त्यांनी सही केली नाही. पोहे मात्र दोनदा वाढले.

परतीच्या बसमध्ये खिशावर हात ठेवायचेही सुचले नाही. सरांना सगळे सांगितले.

"ती मोडकी फेकून दे," सर म्हणाले. "पाचांना दात नाहीत, अर्धीला आहेत. बहुमत कुणाचं?"

मी फेकली नाही. सोमवारी प्रबंधही दिला नाही. तो नव्याने लिहायला आणखी दीड वर्ष गेले. दरम्यान सरांनी नव्या जातीवरचा आपला निबंध छापून घेतला. त्यांच्या नावाचा तो प्राणी आजही यादीत आहे. तो कुठल्याच समुद्रात सापडायचा नाही, कारण तो माझ्या हातून बाटलीत तयार झाला.

प्रबंधाच्या शेवटी आभार मानताना बाईंचे नाव लिहिले. त्यानंतर सानपाड्याच्या मावशींचे लिहायला घेतले आणि पेन थांबले. त्यांच्या ओट्यावर बसून मी शिंपल्यांचे नाव सांगितले होते, सरांचे सांगितले होते, माझेही सांगितले होते. त्यांचे विचारायचे राहूनच गेले होते.