ओटीतली ज्वारी

देवीवर रुसून मी वर्षभर देवळाची पायरी चढले नव्हते. सांगायला लाज वाटते, पण 'आत्यांना उचल, नाहीतर मला तरी उचल' एवढंच मागणं माझ्या तोंडी उरलं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली होती. यजमान दिवसभर शाळेवर. परभणीच्या नणंदबाई फोनवर "येऊ का?" विचारायच्या आणि मी "जमतंय की" म्हणायचे. सुनेनं हात टेकले असं कोणी म्हणू नये, हा माझा ताठा.

रोज चार वाजले की आत्या पिशवी घेऊन दारात. "सोनपेठला जायचंय, दादा वाट बघायलाय. ओटी भर गं." माहेरी निघालेल्या सुवासिनीची ओटी भरायची, एवढं त्यांच्या लक्षात राहिलेलं, मामंजी जाऊन नऊ वर्षं झाली, हे मात्र नाही. मी चिडून म्हणायचे, "मामंजी गेले ना, आत्या! आता कसली ओटी?" मग त्या नव्यानंच कळल्यासारख्या रडायच्या. रोज एकदा मी त्यांना विधवा करत होते, आणि त्याला खरं बोलणं समजत होते.

एका शुक्रवारी दुपारी माझा डोळा लागला, कडी घालायची राहिली. उठले तर दार सताड उघडं. अनवाणीच पाथरीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. रस्त्यावर भरधाव जीपा धावत होत्या. शेवटी त्या एसटी स्टँडवर सापडल्या. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. आत्यांच्या कपाळाला कुंकू, पदरात बाईच्या पिशवीतली ओंजळभर ज्वारी, आणि चेहरा अगदी निवांत.

"लय थकलाव ना माय?" बाई म्हणाली. "माझी सासू बी अशीच होती. न्हाई म्हनू नका. ओटी भरा, घडीभर बसवा, मग गाडी गेली म्हना."

"पण मामंजी..."

"तिच्या लेखी जित्ते हायेत. आपन कशाला मारायचं? तुमी जेवलाव का?"

हे मला कित्येक दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. मी स्टँडवरच रडले. आत्यांना पाणी पाजून वळले तोवर बाईची गाडी निघाली होती. ती देवीच, असं कोणी म्हटलं तर मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी चारला मी ओटी भरली. आम्ही ओट्यावर बसलो, मग मी म्हणाले, "गाडी गेली, आता उद्या." "बरं," म्हणून आत्या आत आल्या. ज्वारी परत डब्यात. रोजच असं साधतं असं नाही. कधी त्या ज्वारी भिरकावतात, मी दाणे वेचत बसते. दमणूक आहे तशीच आहे.

महिनाभरानं आत्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळख पटली नव्हतीच. आपल्या पदरातली निम्मी ज्वारी त्यांनी माझ्या पदरात ओतली. "तुला बी म्हायेर असंल की गं. जाऊन ये चार दिस."

मी नणंदबाईंना फोन लावला. "मला एकटीला जमत नाही, तुम्ही या." त्या सकाळच्या पहिल्या गाडीनं आल्या.

माहेरी निघताना देवळाशी थांबले. मागायला काहीच सुचेना. वर्षभर मी देवीची ओटी भरली नव्हती. माझ्या पदराच्या गाठीत मात्र आत्यांनी घातलेली ज्वारी होती.