साहेबांनी रंगवून दिलेलं घर

माझ्या थोरल्या मावसभावाला आम्ही 'साहेब' म्हणतो. कामावर त्याला शिपाईसुद्धा विचारत नाही. पण आईच्या घरात तो चपला घालून शिरतो, म्हणून हा मान.

मावशीने जन्मभर लोकांचे कपडे शिवून दोन खोल्यांचं घर घेतलं. नजर अधू झाली तशी शिलाई सुटली, मिळकत आटली. साहेबांनी तोडगा काढला: घर विकायचं आणि आईने त्याच्या बाल्कनीत राहायचं. "काचा लावून घेतल्यात गं. वारा अजिबात लागत नाही!" असा मातृभक्त दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

गिऱ्हाईक चांगलं यावं म्हणून त्याने घराला हात लावला. ज्या गळतीखाली मावशी कित्येक वर्षं बादली ठेवत होती, ती आठवड्यात बंद. नवे नळ, नवी फरशी. रंग निवडायला सूनबाई जातीने हजर; सासूच्या चष्म्यासाठी मात्र त्यांना कधी सवड झाली नव्हती.

मावशी गप्पच. कापडाला कात्री लावण्याआधी ती अशीच गप्प बसायची. एक दिवस मला म्हणाली, "चल रे, बँकेत सोबत ये."

बँकेतल्या बाईंनी समजावलं, "घर तुमच्याच नावावर. त्याच्या तारणावर बँक दरमहा तुम्हाला पैसे देणार. तुम्ही तिथे राहताय तोवर फेडायचं काही नाही. तुमच्या मागे मुलांनी व्याजासकट कर्ज फेडून घर सोडवावं, नाहीतर बँक ते विकेल. कर्ज वळतं करून उरेल ते मुलांचं."

"आणि मी कुठे जायचं?"

"कुठेच नाही. तिथेच राहायचं, ही तर अट आहे. घर नीट ठेवा, कर भरा, बस."

किंमत ठरवायला बँकेचा माणूस आला. छत ठोकून पाहिलं, नळ सोडून पाहिले. "छान राखलंय हो."

"थोरल्याने राखलंय," मावशी अभिमानाने म्हणाली.

सगळं पक्कं झाल्यावर साहेब गिऱ्हाईक घेऊन उगवले. "आई, हे घर बघायला आलेत."

"बघू दे की. विकायचं नाहीये, बघायला काय जातंय?" आणि तिने बँकेचं सांगून टाकलं.

साहेबांचा चेहरा ओल्या भिंतीवरच्या रंगासारखा उतरला. "अगं, मग माझा एवढा खर्च?"

"त्यानेच तर घराची किंमत वाढली, बाळा. आता मला महिन्याला जास्त मिळतील."

"आणि आम्हाला काय?"

"बाल्कनी आहे ना. वारा लागत नाही म्हणालास."

साहेब तडक निघाले. चपला पायातच होत्या, त्यामुळे खोळंबा झाला नाही.