दहा लाखांवरचा एक

गणिताच्या वर्गात गणितं कमी सुटतात आणि किस्से जास्त साठतात, हे बंगळुरूहून शिकून परत येताना मला कुणी सांगितलं नव्हतं. कुरखेड्याजवळच्या आमच्या गावात, समाजमंदिरात, संध्याकाळी माझा वर्ग भरतो. या उन्हाळ्यातले बहुतेक किस्से एकाच आकड्याचे आहेत.

*

सुरुवात देवाजीभाऊंनी केली. ते तलावात मासे धरतात. त्यांची लेक शेवंता दहावी झालेली, नागपूरच्या गणित शिबिराला निवडलेली. भाऊंचं तिला पाठवायचं मन होईना; पोर बाहेर गेली की घर तुटतं, म्हणायचे. आमच्याकडे लेक सासरी निघाली की शिदोरीत मोहाचे लाडू शंभर नाही, एकशे एक देतात. वर एक ठेवला की आकडा तुटत नाही, आणि घरही तुटत नाही, अशी समजूत.

मी तावातावाने म्हणालो, "भाऊ, असं नसतं. एक हजार एक सातानं तुटतो, पूर्ण भाग जातो."

"लहान तुटन. मोठा सांगतो, दहा लाख एक. पोरीनं तोडून दाखवला तं जाईल नागपूरले."

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम!

*

शेवंता आणि तिची मैत्रीण रेखा भागायला बसल्या. तिनाने भागलं, बाकी दोन. साताने, बाकी दोन. अकरा, तेरा, पुन्हा दोनच.

रेखा वैतागली. "सर, हा दोनच देऊन राह्यला. याच्यापाशी दुसरं काई नाई का?"

*

शिबिर जवळ आलं तसा माझा धीर सुटला. उत्तर शोधायला मोबाईल घेऊन तलावाच्या पाळीवर, बांधावर निघालो, नेटवर्क तिथेच लागतं. शेवंता आडवी आली.

"तुम्ही पाहाल तं बाबा म्हणतील, मोबाईलनं तोडला. नागपूरले मले जायचं हाय, मोबाईलले नाई."

*

ती मूळ संख्या एकेक घेत पुढे गेली. सत्त्याण्णव, मग एकशे तीन, एकशे सात. मी येरझारा घालत नुसत्या बाक्या ऐकत होतो. रेखाने हटकलं, "एकशे एक काऊन सोडला वं?"

"तो शिदोरीचा आकडा. त्यानं कोणी भागते का?"

"भाग तं खरं."

शेवंतानं भागलं. नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य.

मग रेखा म्हणाली, "आता तुह्या बाबाले कोण सांगते?"

*

सांगितलं शेवंतानेच. भाऊ जाळं विणत होते. त्यांनी कोळशाने फरशीवर स्वतः गुणून पाहिलं. बरोबर आलं.

"घरचाच फितूर निघाला," म्हणाले आणि जाळ्याकडे वळले. दोन गाठी मारून विचारलं, "एकशे एक तरी तुटते का, मास्तर?"

"नाही भाऊ. तो कशानेच तुटत नाही."

*

निघायच्या सकाळी शेवंताच्या आईने डबा भरला. लग्न नव्हतं, तरी लाडू एकशे एकच. एसटी वळणावर दिसली तसा भाऊंनी डबा उघडला, एक लाडू काढला आणि आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकात बांधला.

"शंभर पोरींत वाट," ते म्हणाले. "वरचा एक इथी राहील."