रिकाम्या गावातले रुग्ण

निवृत्तीनंतर बरेच गुन्हे विसरलो, पण ते गाव अजून डोळ्यांपुढे येते. भर दुपारी, एकही माणूस नसलेले.

मालवण किनाऱ्यालगतच्या त्या गावात देवाचा कौल मिळाला की गावपळण होते. माणसे, गुरे, कोंबड्या, सगळे तीन दिवस शिवेबाहेर झोपड्यांत राहतात. मी शिवेवर बंदोबस्ताला होतो. आत माड हलत होते आणि समुद्र पार अंगणापर्यंत ऐकू येत होता. आपण कुणाच्या तरी स्वप्नात पहारा देतोय, असे वाटायचे.

दोन महिन्यांनी त्या गावची एक बाई ठाण्यात आली. काजूच्या बागेत तिच्या नवऱ्याला फुरसे चावले होते. गावातल्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाचे इंजेक्शन नाही म्हणून कणकवलीला पाठवले आणि माणूस वाटेतच गेला. तिला भरपाई नको होती.

"इंजेक्शन थंय होतां काय नाय, तेवढांच माका सांगा," ती म्हणाली.

आठवड्याने केंद्रातल्या परिचारिकेने खबर दिली, की इंजेक्शने बाहेर एका खाजगी दवाखान्याला विकली जातात. पंचांसमक्ष साठ्याची नोंदवही जप्त केली. प्रत्येक कुपीपुढे रुग्णाचे नाव, अंगठा. मी हातच टेकले. साठा सांभाळणारा केंद्राचा औषधनिर्माता गावचाच, गोड बोलणारा. दोन दिवसांच्या चौकशीत तो चहा मागून प्यायला, पण बधला नाही. संताप यायचा, आणि खोटे कशाला बोलू, माणूस आवडायचाही.

तिसऱ्या दिवशी तारखा वाचताना थबकलो. गावपळणीच्या तिन्ही दिवशी त्याच केंद्रात इंजेक्शने दिल्याची नोंद होती. मागाहून एका बैठकीत वही भरताना त्याला तारखा कोऱ्या सोडवल्या नसाव्यात. त्या दिवसांत तू कुठे होतास, मी विचारले. शिवेबाहेर, झोपडीत, तो म्हणाला. केंद्र उघडायला गावात गेलो होतो, एवढे खोटे बोलला असता तर कदाचित सुटला असता. पण देवाचा नेम मोडला असे म्हणायला त्याची जीभ रेटेना. सरकारची भीती त्याला कधीच नव्हती. संध्याकाळपर्यंत त्याने सगळा जबाब दिला.

मी बाईच्या घरी गेलो. पायरीवर बसून सांगितले, की फुरसे चावले त्या दिवशी केंद्राच्या फ्रीजमध्ये इंजेक्शने होती, विकण्यासाठी राखून ठेवलेली. ती आक्रोश करील असे वाटले होते. तिने फक्त पदर सारखा केला.

"म्हणजे माका उशीर जावंक नाय."

नवऱ्याला बागेतून आणायला आपल्याला वेळ लागला, म्हणून तो गेला, असे ती इतके दिवस मानत होती. चोर पकडणे हेच आपले काम, असे मी नोकरीभर समजत आलो होतो. तपासाची वाट निर्दोष माणूसही पाहत असतो, हे मला त्या पायरीवर कळले.