मेंढरांचा माळ

काठी आडवी धरल्याशिवाय तो म्हातारा बोलत नसे. मोटारसायकल अडवायची, बाजूला थुंकायचं आणि विचारायचं, "मग म्होरं काय?" तुमच्याही गावात असा एखादा असेल. मला तो मनापासून आवडत नसे.

वडूजजवळच्या आमच्या गावाला मोठा माळ आहे. तिथे त्याची मेंढरं चरत. मी शाळेत मास्तर आणि झाडांच्या योजनेचा सचिव. परदेशातल्या कंपन्या धूर सोडणार, तो शोषायला आपण माळावर गिरिपुष्पाची झाडं लावायची, त्याचे पैसे त्या कंपन्या गावाला देणार आणि त्यातून पाण्याची टाकी होणार. जगभरच्या सरकारांनी बसून हे ठरवलंय, असं मी ग्रामसभेत सांगितलं. चराई मात्र बंद.

म्हातारा उठला. "मास्तर, ह्या झाडाला मेंढरू तोंड लावत न्हाई. त्येच्याखाली गवत ऱ्हात न्हाई. मग मेंढरं जाणार. मेंढरं न्हाईत तर रानात लेंडी न्हाई. मग तुमी गोणीतलं खत आणणार. त्ये कारखान्यात व्हतंय, टरकातनं येतंय. म्हंजे पुन्ना धूरच की."

लोक हसले. त्याला की मला, ते कळेना. मी त्याला खाली बसवलं. अंगठेबहाद्दराने जगाच्या शहाण्यांना शिकवावं, याचा मला संताप आला.

झाडं लागली. तो रोज मेंढरं घुसवायचा, मी रोज हाकलायचो. चारा मिळेना म्हणून त्याने निम्मा कळप विकला. वर वडूजच्या बाजारात चारचौघांत म्हणाला, "ह्यो मास्तर पोरास्नी बेरीज शिकवतोय. वजाबाकी येतच न्हाई ह्याला."

पुढे योजनेच्या तपासणीला परदेशी साहेब आले. इथे आधी कोणी गुरं-मेंढरं चारत होतं का, असं दुभाष्याने विचारलं. हो म्हटलं असतं तर त्या माणसाची सोय लावावी लागली असती आणि योजना लटकली असती. म्हातारा उरलेली मेंढरं घेऊन दहा पावलांवर उभा होता.

"नाही," मी म्हणालो. "कोणी नव्हतं. पडीकच होता माळ."

दुभाष्याने लिहून घेतलं. साहेब गेल्यावर म्हातारा जवळ आला. मी शिव्यांची वाट बघत होतो.

"आवं मास्तर, तुमच्याच रानात दरसाल खतासाठी मेंढरं बसवली की मी," एवढंच म्हणाला.

मला लाज वाटली. लाज वाटायला लावली म्हणून त्याचा आणखीच राग आला.

दिवाळीनंतर तो कळप घेऊन कोकणाकडे उतरला, दरवर्षी उतरायचा तसाच. मृगाला परतला नाही. श्रावणात साहेबांना माळाचे फोटो हवे होते. मी मोबाईल धरला आणि सवयीने ओरडलो, "म्हातारबा, मेंढरं बाजूला घ्या."

माळावर कोणी नव्हतं.